बेंबीचा देठ

नाझ्झारेनो अकॉर्डियन दुरुस्त करतो,
छप्पन्न वर्षं, कास्तेलफिदार्दोच्या एकाच गल्लीत.
म्हणाला, पेटीचा कोपरा घासतो इथे,
घट्टा पडलाय, मलम द्या, निघतो,
अंकोनाहून माझी बस अकरा-वीसची.

सदरा वर केला.
बेंबीत गाठ. वाटाण्याएवढी, गुलाबी,
एका कडेला खपली धरलेली.
दुखते? नाही.
वाढली? बायको म्हणते वाढली.
बायको काहीही म्हणते.

घट्टा पिवळट असतो, कोरडा, प्रामाणिक.
मी जेलचा थेंब सोडला
आणि डर्मोस्कोप नुसता टेकवला.
दाबायचा नसतो.
दाबलं की रक्त पळून जातं,
मग गाठ काही बोलत नाही.

दहापट मोठं.
आधी मी नसलेलं मोजते:
तिळाची तपकिरी जाळी नाही,
चामखिळीचे काळे ठिपके नाहीत,
रक्तगाठीची लालजांभळी तळी नाहीत.
मग उरलं काय?
दुधात चेरीचा रस सांडावा तसा रंग,
मधे पांढरे, आकार नसलेले पट्टे,
आणि कडेकडेने शिरा:
एक जाड, एक केसाएवढी,
एक मधेच तुटलेली,
एक नागमोडी जाऊन स्वतःकडेच वळलेली.
झाडासारख्या नीट फांद्या फुटल्या असत्या
तर बहुधा म्हटलं असतं, हा इथलाच, कातडीचाच गुन्हा,
कापून टाकू.
पण कातडीच्या शिरांना आपलं घर माहीत असतं.
या कुणीतरी घाईघाईत खोदल्यासारख्या,
परक्या वस्तीला पाणी पोचवायला.

जेवण कसं आहे?
कमी. उन्हाळा आहे ना, डॉक्टर.
वजन?
पेटीच्या पट्ट्याला आरीने दोन नवी भोकं पाडलीत,
चामडं जुनं झालं की ताणतं.

चामडं ताणतं, खरं आहे.
पण त्याच्या कमरेच्या पट्ट्यालाही
दोन नवी भोकं होती,
तितकीच गोल, त्याच आरीची.

फार वर्षांपूर्वी एका ननच्या बोटांना हे आधी कळलं होतं,
शस्त्रक्रियेआधी रुग्णांची पोटं पुसताना.
तिच्याजवळ भिंग नव्हतं.
माणूस बेंबीच्या देठापासून ओरडतो म्हणतात.
नाझ्झारेनो ओरडला नाही, त्याचा स्वभाव नाही तो.
देठच ओरडला,
आणि तेही एवढ्या हळू
की ऐकायला काच लागली.

काय दिसतं, त्याने विचारलं.
मी पडदा त्याच्याकडे वळवला.
त्याने चष्मा कपाळावर सरकवला,
बराच वेळ पाहिलं,
पट्टी घासताना पाहत असेल तसं.
म्हणाला, एकाच सुराच्या दोन पट्ट्या घेतो आम्ही,
एक किंचित वर ठेवतो.
दोन्ही एकदम वाजल्या की सूर थरथरतो.
लोकांना वाटतं बिघाड आहे,
पण तेवढ्यासाठीच तर ते पैसे देतात.
मग पडद्यावर बोट ठेवून, त्या तुटलेल्या शिरेवर:
हे मुद्दाम कुणी लावलेलं नाही. नाही ना?

नाही, मी म्हणाले.
मग मी जे सगळ्यांना सांगते ते सांगितलं:
भिंग फक्त शंका घेतं,
तुकडा काढून तपासल्याशिवाय कुणाचंही नाव घ्यायचं नसतं.
आणि आतून, पोटाचे फोटोही लागतील.
आतून, हा शब्द
मी दोनदा वापरला, हे नंतर लक्षात आलं.

तुकडा त्याच सकाळी काढला. एक टाका.
अकरा-वीस गेली होती.
पुढची बारा-पन्नासची.
त्याने सदरा जपून खोचला, टाक्याच्या वरून,
दाराशी थांबला,
दार एकदा उघडलं, एकदा मिटलं.
तुमची बिजागरी सी-बेमोल लागते, म्हणाला,
अगदी स्वच्छ. तेल घालू नका.

अहवाल नऊ दिवसांनी आला.
जठर.
तेल मी अजून घातलेलं नाही.